पी हळद अन् हो गोरी

गोरेगाव म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे लोकलचा फलाट आणि चित्रनगरी उभी राहते. कोकणातल्या माणसाला माणगावजवळचे गोरेगाव आठवते. मी गेलो ते गोरेगाव या दोहोंपैकी एकही नव्हे. ते मराठवाड्याच्या उत्तर टोकाला, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे. तिथून उत्तरेला जात राहिले की पैनगंगा लागते आणि तिच्या पैलतीरी वऱ्हाड सुरू होते. पुण्यातल्या एका सहकाऱ्याला मी "गोरेगावला चाललो आहे" म्हणून सांगितले, तेव्हा त्याने "मग दादरला उतरून बोरिवलीची गाडी धरा" असा मोलाचा सल्ला दिला. मी मान डोलावली आणि मराठवाड्याची गाडी धरली.

बोलावणे होते एका जुन्या विद्यार्थ्याचे. आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर तो गावी परतला आणि शेती पाहू लागला. "सर, तुम्ही वर्गात 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण शिकवलीत, आता हळद कशी होते ते पाहायला या. शिजवायच्या दिवसांत या." असे त्याने लिहिले होते. म्हणीचा अर्थ सांगताना आम्ही मास्तर लोक "उतावळेपणा" एवढा शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे सरकतो. हळदीला शेतात नऊ महिने लागतात ही गोष्ट काही फळ्यावर येत नाही.

पूर्णा-अकोला मार्गावर हिंगोलीचे स्टेशन लागते. पाटीवर नाव आहे 'हिंगोली डेक्कन'. या भागात निजामाची राजवट होती आणि हिंगोलीला त्याच्या फौजेची छावणी होती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले, पण पाटीवरचे डेक्कन तसेच राहिले. जिल्हा म्हणून हिंगोली तशी वयाने लहानच. १ मे १९९९ रोजी ती परभणीपासून वेगळी निघाली. वेगळ्या बिऱ्हाडात थोडीफार ओढाताण असायचीच, तशी इथेही आहे.

हिंगोलीहून सेनगावकडे जाताना वाटेत कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध. मराठीचा अध्यापक तिथे उतरल्यावाचून पुढे कसा जाईल? दर्शन घेऊन मी पाराच्या सावलीत बसलो आणि मला ती जुनी कथा आठवली. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून हे कशासाठी म्हणून विचारले. काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते पाहण्यासाठी. मग ही मडकी तरी तपासा, असे तिने सुचवताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीच्यांनी मुकाट्याने मार खाल्ला. नामदेव मात्र रागावले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि भाजून पक्के झाले.

तेर, नर्सी आणि औंढा ही तिन्ही ठिकाणे मराठवाड्यातलीच. परीक्षेची एवढी मोठी कथा घडली त्या औंढ्याजवळच आज आणखी एका परीक्षेची तयारी चालली आहे. गुरुत्वलहरी मोजण्याची वेधशाळा तिथे व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि २०२३ साली केंद्र सरकारने मंजूर केलेले २६०० कोटी रुपये. कुठे दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर त्याचा थरकाप इथल्या काळ्या जमिनीवर टिपायचा! माझ्या गोष्टीचा विषय मात्र याहून पुष्कळ लहान आहे. तो आहे दहा बायका आणि दहा किलो हळद.

गोरेगावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. शिवारात सोयाबीन केव्हाच निघून गेले होते, हरभरा घरी येत होता आणि जागोजागी धूर व वाफ दिसत होती. हळद शिजत होती. पूर्वी मोठ्या कढईत हळदीचे कंद टाकून त्यावर हळदीचाच पाला झाकून शिजवीत. आता वाफेची पिंपे आली आहेत. एका बाजूला पाणी उकळते, नळीतून वाफ पिंपात शिरते आणि कढईला जे काम अर्धा दिवस पुरे, ते थोडक्यात आटोपते. मग शिजलेली हळद अंगणात पंधरवडाभर वाळते. वाळली की ती दगडासारखी होते. दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणतात. शेवटी ती जाळीच्या ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची माती आणि साल जाऊन तिला झळाळी येते. मग बाजार. पूर्वी हळदीचा बाजार म्हणजे सांगली. आता हिंगोली आणि वसमत या पेठाही नावारूपाला आल्या आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. व्यापारी ढिगातली एक कांडी उचलतो, कडकन मोडतो, आतला रंग पाहतो आणि भाव बोलतो. नऊ महिन्यांची परीक्षा त्या एका 'कडकन'मध्ये संपते.

रात्री जेवणानंतर ओसरीवर बैठक बसली. घरात विद्यार्थ्याचे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, आई, आणि त्याची पत्नी. आबांच्या लेखी शिकवणारा माणूस म्हणजे गुरुजी, पीएच. डी. असो की बिगारीचा असो. "गुरुजी," ते म्हणाले, "आमच्या सूनबाईला कारखाना काढायचा हाये."

सूनबाई दारातून हसल्या. कारखाना म्हणजे हळद दळण्याचे यंत्र. गावातल्या दहा बायकांचा बचत गट होता. शेतकरी हळद कांडीने विकतो आणि शहरातली माणसे तीच पुडीतून महाग घेतात. मग मधला पैसा आपणच का मिळवू नये, असा त्यांचा रास्त सवाल होता. यंत्राचे दरपत्रक आले होते. बँकेचा अर्ज भरून तयार होता. फक्त सह्या व्हायच्या होत्या.

"आनि नाही चाललं तर?" आबांनी विचारले.

हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाच्या भित्रेपणाचा नव्हता. वाचकांपैकी कुणाला आठवत असेल, २०२३ च्या नोव्हेंबरात याच गोरेगाव परिसराचे नाव वृत्तपत्रांत आले होते. त्या साली पाऊस कमी झाला आणि सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला. कर्ज फेडायला दुसरा मार्ग उरला नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या आणि कर्ज वळते करून घ्या, असे इथल्या काही शेतकऱ्यांनी सरकारला लिहून कळवले. डोळे, मूत्रपिंड, यकृत. बाजारात भाज्यांचे असावेत तसे त्यांचे दर त्यांनी कळवले होते. आपण शहरात ती बातमी चहाबरोबर वाचली आणि पान उलटले. ज्या गावाने ती लिहिली, त्या गावात नव्या कर्जाच्या कागदावर सही मागणे म्हणजे काय, हे त्या ओसरीवर बसल्याखेरीज कळत नाही.

सूनबाईंनी सासऱ्यांना उलट उत्तर दिले नाही. त्या आत गेल्या आणि शाळकरी पोरांची असते तसली एक वही घेऊन आल्या. "सर, आबा म्हनतात ते खरं हाये. म्हनून सही अजून केली नाही. आधी दहा किलोवर बघायचं ठरवलंय."

गटातल्या प्रत्येकीने घरची एकेक किलो हळद दिली होती. हिंगोलीच्या कांडप यंत्रावरून ती दळून आणली होती आणि पाव-पाव किलोच्या चाळीस पुड्या बांधल्या होत्या. गावात सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले होते. मावशी म्हणाली, रंग झकास आहे. सरपंचापासून शिक्षकापर्यंत सर्वांनी "जरूर काढा, चालेल" असा आशीर्वाद दिला होता. "पन आशीर्वादाला पैसे पडत नाहीत," सूनबाई म्हणाल्या, "म्हनून उद्या बाजारात बसनार."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मीही गेलो. आपल्याकडे बाजाराचे वर्णन करायचे म्हणजे रंग, गर्दी आणि गोंगाट यांची यादी द्यायची पद्धत आहे. ती मी देत नाही. मी एका पोत्यावर बसून फक्त पुड्यांकडे पाहत होतो. मला वाटते, नवीन धंदा करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी आठवडी बाजारात असे दिवसभर बसावे. माणूस येतो, पुडी उचलतो, वास घेतो, "छान आहे हो" म्हणतो आणि पुडी खाली ठेवतो. त्याच्या तोंडाने एक उत्तर दिले, हाताने दुसरे.

संध्याकाळपर्यंत चाळीसांतल्या सहा पुड्या खपल्या. त्यांतल्या चार गटातल्या बायकांच्या नातलगांनी घेतल्या. माझा विद्यार्थी खट्टू झाला. मी सांत्वनाची वाक्ये जुळवू लागलो. सूनबाई मात्र वहीत काहीतरी मोजत होत्या. त्यांनी दोन रकाने पाडले होते. पहिल्यात घेणाऱ्यांची नोंद, दुसऱ्यात न घेणाऱ्यांचे बोलणे. कुणी म्हणाले होते, घरचीच हळद आहे, विकत कशाला? हे तर उघडच होते. हळदीच्या शिवारात हळद विकणे म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला बाहेरच्याने बसण्यासारखे. पण दुसऱ्या रकान्यात एक प्रश्न पुनःपुन्हा आला होता: "कुठून दळून आनली?" सतरा जणांनी तो विचारला होता.

मला त्यातले मर्म कळेना; ते सूनबाईंच्या सासूबाईंनी उलगडले. हळदीची वाळलेली कांडी घरी कुटायची म्हणजे हात भरून येतात. पिठाची गिरणीवाला हळद घेत नाही, कारण एकदा हळद दळली की पुढच्या गिऱ्हाइकांचे पीठ पिवळे येते. मग पाच किलो हळदीसाठी हिंगोली गाठायची, एसटीचे भाडे द्यायचे आणि दिवस मोडायचा. लोकांच्या घरी हळद होती. त्यांना हवे होते ते दळण. दहा बायकांनी विकायला काढली पुडी आणि बाजाराने मागितली दळणावळ!

त्या रात्री ओसरीवर गटातल्या बायकाही येऊन बसल्या. "गुरुजी, तुमच्या पुस्तकात असलं काही असतं का?" आबांनी विचारले. असते, असे म्हणून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. हा मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत असताना ते तिथून सायकली धाडीत आणि थोरले बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. गिऱ्हाइकाला सायकलीवर बसायलाही शिकवीत. पुढे लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पण नांगर सुधारत गेला, आणि १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ("आपलं औंढा?" एकीने विचारले. नव्हे, साताऱ्याकडचे औंध.)

आबा शांतपणे ऐकत होते. "नांगर दोन वर्सं विकला नाही, तवर घरात काय खाल्लं?" त्यांनी विचारले.

प्रश्न बरोबर वर्मी होता. सायकलींच्या वेळी लक्ष्मणरावांना मास्तरकीचा पगार होता. नांगराच्या वेळी सायकली आणि कडबा कापण्याची यंत्रे विकून येणारा पैसा होता. एक पाय जमिनीवर होता म्हणून दुसरा उचलता आला. उद्योगपतींची चरित्रे लिहिणारे आपण त्यांच्या धाडसाचे पोवाडे गातो आणि त्या जमिनीवरच्या पायाला विसरतो. शेतकरी ते विसरत नाही.

मग मी लिज्जतची गोष्ट सांगितली. १५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात गुजराती गृहिणी आणि उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडाच्या चार पुड्या झाल्या. आज त्या संस्थेत हजारो भगिनी आहेत आणि प्रत्येक जण मालकीण आहे. मी पुढे काही बोधपर बोलणार, तोच सूनबाईंनी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. "ऐंशीला सातानं भागलं, सर. सगळं बुडालं असतं तरी एकीचे साडेअकरा रुपयेसुद्धा गेले नसते."

लिज्जतची गोष्ट मी वर्गात, भाषणांत कितीदा तरी ऐकली आहे. चार पुड्यांचे कोट्यवधी रुपये कसे झाले, हा गुणाकार सारे सांगतात. हा भागाकार मी गोरेगावात प्रथम ऐकला. किती मिळेल याचा हिशेब तर दरपत्रक देणाराही करून देतो. किती बुडेल, ते कितीजणींत बुडेल आणि बुडाल्यावर घरची चूल पेटेल की नाही, हा हिशेब ज्याचा त्यानेच करावा लागतो. आबांचा 'नाही चाललं तर?' हा सवाल आणि सूनबाईंची वही, दोन्ही एकच काम करीत होती. सासरा-सून एकमेकांविरुद्ध आहेत असे मला आदल्या रात्री वाटले होते. प्रत्यक्षात एकाने प्रश्न घातला होता आणि दुसरीने तो सोडवायला घेतला होता.

मी आणखी आठवडाभर राहिलो, कारण दुसरी परीक्षा पाहायची होती. गटाने गावात सांगून ठेवले: ज्यांना हळद दळून हवी, त्यांनी आणून द्यावी, सगळ्यांची मिळून टेम्पोने हिंगोलीला नेऊ आणि दळून आणू. मात्र दळणावळ आधी. या 'आधी'वर थोडा वाद झाला. ओळखीपाळखीची माणसे, त्यांच्याकडून आधी पैसे कसे मागायचे? पण सूनबाई ठाम होत्या. विचारणे फुकट असते, म्हणून सतरा जणांनी विचारले. पिशवी आणि पैसे घेऊन किती येतात तेच बघायचे आहे.

अकरा घरे आली. सतरांतली सगळी नव्हेत. काही विचारणारे फिरकले नाहीत आणि ज्यांनी विचारले नव्हते अशी काही आली. हळद गेली, दळून आली आणि मग खरे शिक्षण सुरू झाले. पाच किलो दिलेल्याला पाच किलो परत मिळेना. दळताना तूट येते. भुकटी उडते, यंत्रात बसते. एका आजीबाईंनी अंगणात उभे राहून गटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्याची तक्रार वेगळी: "ही माझी हळद नव्हंच. माझी गर्द होती." मोठ्या यंत्रात एकाची हळद संपण्याआधी दुसऱ्याची पडत होती आणि सगळ्यांची सरमिसळ होत होती. आपल्या शेतातली, आपण निवडलेली हळदच आपल्याला परत हवी, हा इथल्या माणसाचा हट्ट. पुण्यात पुडी फोडणाऱ्या मला हा हट्ट ठाऊकच नव्हता.

सूनबाईंनी दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. तूट आधीच सांगायची आणि गिऱ्हाइकासमोर दोनदा वजन करायचे, हे एक. दुसरे महत्त्वाचे. बँकेच्या अर्जाला जोडलेले दरपत्रक मोठ्या यंत्राचे होते. ते पुडीच्या धंद्यासाठी योग्य होते. एका वेळी क्विंटलने दळायचे. पाच किलोचे दळण वेगळे ठेवून देण्याला ते उपयोगाचे नव्हते. त्याला लहान यंत्र हवे, एक दळण संपले की झाडून घेता येईल असे. सह्या झाल्या असत्या तर मोठे यंत्र दारात येऊन उभे राहिले असते आणि हप्ते सुरू झाले असते. वाचले ते दहा किलो हळदीमुळे आणि एका आजीबाईंच्या शिव्यांमुळे.

मला पुन्हा गोरोबाकाकांचे थापटणे आठवले. कच्चे निघालेले मडके काकांनी फोडले नाही; त्याला आव्यात जायला सांगितले. आपण शहरात परीक्षेचा अर्थ पास की नापास एवढाच करतो. पुड्या खपल्या नाहीत म्हणून त्या बायका घरी बसल्या असत्या, तर तो निकाल झाला असता. त्यांनी त्यातून पुढचा प्रश्न काढला आणि पहिल्याहूनही लहान खर्चात तो विचारून पाहिला.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. दहा किलो हळद बाजूला काढण्याइतकी घरात शिल्लक असेल तरच हे जमते. गावात अशी घरे आहेत, जिथे पेरणीच उसनवारीवर होते; तिथे एक वाफासुद्धा नव्या वाणाला देऊन पाहायची सोय नसते. शेजाऱ्याने सोयाबीन लावले म्हणून आपण सगळ्या रानात सोयाबीन, त्याने हळद लावली की आपण सगळी हळद, असे होते. कारण हळू हळू पारखायला लागणारा वेळच सावकार देत नाही. अशा घराला 'प्रयोगशील व्हा' असा उपदेश करणे म्हणजे पी हळद अन् हो गोरी म्हणण्यासारखेच. त्याच्या वाट्याची थोडी तूट कुणीतरी, गटाने, सहकारी संस्थेने, सरकारने, उचलली पाहिजे. पुण्यामुंबईत नव्या धंद्यांच्या कल्पनांवर लाखो रुपये लावून ते बुडाले तरी न कुरकुरणारे धनिक भेटतात. गोरेगावला कुणी दहा किलो हळद बुडवायला दिली, तरी पुष्कळ होईल.

निघताना आबा एसटीपर्यंत आले. अर्ज कपाटात गेला होता. गटाने ठरवले होते की पुढच्या हंगामापुरते लहान यंत्र भाड्याने आणायचे आणि दोन महिने चालवून पाहायचे. भाडे दहा जणींत वाटून घ्यायचे. पुड्याही सोडल्या नव्हत्या. उरलेल्या चौतीस पुड्या हिंगोलीत नोकरदारांच्या वसाहतीत घरोघर देऊन पाहायच्या, कारण तिथे कुणाच्या परसात हळद नाही.

"मग आबा, आता तुमची हरकत नाही ना?" मी विचारले.

"भाडं बुडालं तर एकीचं किती जातं ते पोरीनं मला आधीच सांगितलंय," आबा म्हणाले. "तेवढं जाऊ द्या. तेवढ्यानं मानूस मरत नाही."

गाडी आली. त्यांनी माझ्या पिशवीत एक पुडी घातली आणि मी पैसे देऊ लागताच हात धरला. मी म्हणालो, आबा, सूनबाईंच्या वहीत फुकट नेणाऱ्यांचा रकाना नाही. तेव्हा ते हसले आणि पैसे घेतले.